खुलासा : नी ओलान या संयुक्त राष्ट्रांच्या पगारी अधिकारी नव्हत्या

आयरिश कायदेतज्ज्ञ फिनुला नी ओलान या संयुक्त राष्ट्रांच्या पगारी नोकर होत्या, असे सांगितले जाते. ते चूक आहे. २०१७ ते २०२३ या काळात त्या दहशतवादविरोध आणि मानवी हक्क या विषयाच्या विशेष प्रतिवेदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांना अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ होत्या. हे पद बिनपगारी असते. त्यांचा पेशा कायद्याच्या प्राध्यापकाचा. त्यांच्या शब्दाला वजन आले ते यामुळेही, असे मला वाटते.

२०२३ मध्ये त्यांनी ड्रोन, बायोमेट्रिक्स आणि हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेला सावध केले. त्याच वर्षी त्या क्युबातील ग्वांतानामोच्या तुरुंगातही गेल्या; तिथे अमेरिकेने दहशतवादाच्या संशयितांना डांबले आहे. कैद्यांची बाजू घेऊन त्या ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांच्या पीडितांना विसरल्या, हाही आरोप खोटा. त्या पीडितांच्या कुटुंबीयांना भेटल्या होत्या. कैद्यांच्या छळामुळेच या कुटुंबांचा न्याय अडला, असे त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिले आहे.