पाळकाचा सोमवार

पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आठवड्यातून एकच दिवस काम करतो, असा समज आमच्या मंडळीत फार पूर्वीपासून रूढ आहे आणि तो खोडून काढण्याचा नाद मी आता सोडून दिला आहे. रविवारी तास-दोन तास बोलायचे, लग्नात आशीर्वाद द्यायचा, दफनविधीत मूठभर माती टाकायची आणि नाताळात घरोघरी करंज्या खायच्या, एवढ्याशा कामासाठी माणसाला राहायला चक्क बंगला मिळतो, हे पाहून अनेकांना माझा सात्त्विक हेवा वाटतो. त्या बंगल्यात पावसाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत पाऊस जास्त वेळ पडतो, हे मी कोणाला सांगत नाही. सांगितले तर दुरुस्तीसाठी समिती नेमली जाईल.

पण छप्पर गळणे हा या सेवेतला खरा त्रास नव्हेच. खरा त्रास असा आहे की पाळकाला शेकडो माणसे मिळतात, पण मित्र मिळत नाही; आणि चुकून मिळालाच तर तो टिकू दिला जात नाही. नगर जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी मी बदलून आलो, तेव्हा आधीच्या पाळकांनी मला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची तिन्ही रजिस्टरे, कपाटाच्या किल्ल्या आणि प्रभुभोजनाच्या पेल्यांची पेटी मोजून दिली आणि मग दार लोटून घेऊन सांगितले, "सगळ्यांशी गोड राहा, पण कोणाच्याही ओट्यावर लागोपाठ दोनदा बसू नका." मला वाटले, ओट्यांचे बांधकाम कच्चे असावे.

आमच्याकडे पाळकाची घरभेट ही हिशेबतपासणीची बाब आहे. पाळकसाहेब कोणाकडे किती वेळ बसले, चहा पूर्ण घेतला की अर्धा ठेवला, चिवडा खाल्ला की नुसताच चिवडला, ही माहिती मी पुढच्या गल्लीत पोहोचण्याआधी तिथे पोहोचलेली असते. मग तिथल्या मावशी दारातच "सलाम, पाळकसाहेब" म्हणून स्वागत करतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करता करता सहज विचारतात, "तिकडे शिरा होता म्हणे?" होता म्हणावे तर इथेही शिऱ्यासाठी थांबावे लागते, आणि नव्हता म्हणणे माझ्या पेशात बसत नाही. साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी एका घरी नाइलाजाने तेवढे कारण पुढे केले. त्या घरी मला बिनसाखरेचा चहा मिळाला, पण संध्याकाळपर्यंत "त्यांच्याकडे एवढे आजारपण सांगितले, आम्हाला नाही" अशी तीन घरांत नाराजी पसरली आणि ती घालवण्यासाठी मला त्या तिन्ही घरी जाऊन साखरेचा चहा प्यावा लागला.

अशा गावात मला एक मित्र मिळाला होता. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, जे उपासनेत पेटी वाजवतात, त्यांच्या ओट्यावर मी संध्याकाळी बसू लागलो. विषय बहुधा ना. वा. टिळकांचा असे. टिळकांची भजने आमच्याकडे अजून तबला-पेटीवर म्हटली जातात आणि गुरुजींना ती चालींसकट पाठ आहेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त भाऊ म्हणून एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. गुरुजींना त्या दरबाराविषयी एकच कुतूहल होते, की तिथे खजिनदार कोण असेल. हा प्रश्न ते आवाज खाली आणून विचारीत, कारण आमच्या मंडळीचे खजिनदार समोरच्याच घरात राहतात आणि त्यांच्या खिडकीचा पडदा वारा नसतानाही हलतो.

नाताळ जवळ आला आणि शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाच्या, बाईंनी येशूजन्माच्या नाटकातील भूमिका वाटल्या. गुरुजींचा नातू योसेफ झाला आणि खजिनदारांचा नातू मेंढरू झाला. या वाटपात माझा हात नव्हता. मला ते कळले तेच कमिटीच्या सभेत, जिथे 'इतर विषय' या सदराखाली 'मंडळीत पाळकसाहेबांचा गट' अशी चर्चा उपस्थित झाली. मी अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणले की येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही, त्यामुळे ती काही मोठी भूमिका म्हणता येणार नाही. मेंढराला निदान ओरडायला तरी मिळते. त्यावर खजिनदार म्हणाले, "म्हणजे पाठांतरसुद्धा नको! पाहा, किती सोपे काम दिले आहे त्यांना." सभेने याची नोंद घेतली.

नाटक झाले. खजिनदारांचा नातू इतक्या जीव तोडून ओरडला की देवदूताचा निरोप मेंढपाळांना ऐकूच गेला नाही, आणि दोरीवरून सरकत येणारा पुठ्ठ्याचा तारा मध्येच अडकल्यामुळे पूर्वेकडील ज्ञानी लोक बेथलेहेमाऐवजी पेटीपाशी येऊन थांबले. पुढच्या वर्षी वाद नको म्हणून बाईंनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आधार घेतला. ज्ञानी लोक तीनच होते असे मत्तय कुठेही म्हणत नाही. तीन भेटवस्तूंवरून लोकांनी तो आकडा ठरवला आहे. त्यामुळे त्या वर्षी कमिटीतील प्रत्येक घराला प्रतिनिधित्व देऊन अकरा ज्ञानी लोक गोठ्याकडे निघाले आणि मेंढपाळ एकच उरला. अकरा मुकुट पाहून तो बिचारा अखेरपर्यंत कळपाच्या मागेच उभा होता.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. सहा वेगवेगळ्या मंडळ्यांना एकत्र यायला, १९२९ मध्ये बोलणी सुरू झाल्यापासून, चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. हे वाचताना पूर्वी मला विलंबाचे नवल वाटे. आता इतक्या लवकर कसे जमले याचे वाटते.

गुरुजींच्या ओट्यावर जाणे मी बंद केले. त्यांनी कारण विचारले नाही. शहाण्या माणसाला पडदा हललेला दिसतो. आम्ही आता रविवारी दारात हस्तांदोलन करतो, तेही इतरांच्या हस्तांदोलनाइतकेच लांब, आणि क्वचित एखाद्या रविवारी ते पहिल्याच गीताला माझ्या गळ्याला न झेपणारी पट्टी धरतात. त्यांची तक्रार एवढीच, आणि ती रास्त आहे.

मग पाळकाने पाळकाशीच मैत्री करावी, असे वाचकांना वाटेल. ते करून पाहिले आहे. दोन पाळक एकत्र आले की बदली, बिशपसाहेबांचा पुढचा दौरा आणि मोटरसायकलचे अ‍ॅव्हरेज या तीन विषयांपलीकडे संभाषण जात नाही, आणि एकाने चुकून मन मोकळे केलेच तर दुसरा लगेच डोळे मिटून हात जोडतो. आमच्यात दुःख सांगता येत नाही, कारण ते तत्काळ 'प्रार्थनेचा विषय' होते. प्रार्थनेचा विषय एकदा झाला की त्यावर मालकी कोणाचीच राहत नाही. माझा गुडघा दुखतो, असे मी शेजारच्या तालुक्यातील एका पाळकबंधूंना फोनवर सांगितले. बुधवारी त्यांच्याकडील महिला मंडळाने माझ्या हृदयासाठी उपवास धरला, आणि शुक्रवारी माझ्या सासूबाईंचा पुण्याहून रडत फोन आला.

बायबलमधील दुःखी ईयोबाच्या तीन मित्रांची, म्हणजे अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची, उपदेशांतून नेहमी निंदा होते. मला ते हल्ली बरे वाटू लागले आहेत. सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्याचे दुःख मोठे आहे हे पाहून एक शब्दही बोलले नाहीत. पुढे बोलून त्यांनी सगळे बिघडवले हे खरे, पण माझ्या परिचयातला कोणताही माणूस पाळकाजवळ सात मिनिटेसुद्धा गप्प बसलेला नाही, आणि पाळक तर कोणाजवळच नाही.

राहता राहिला सोमवार. सोमवार हा पाळकाच्या सुट्टीचा दिवस, आणि त्या दिवशी सुट्टीवर असलेला दुसरा माणूस जगात सापडत नाही. मुले शाळेत, पाळकीणबाई त्यांच्या शाळेत, मंडळी कामावर. अशा एका सोमवारी मी वाढलेले केस घेऊन बाजारपेठेतील सलूनकडे गेलो तर शटर खाली ओढलेले होते आणि सलूनवाले स्वतः पायरीवर पेपर वाचत बसले होते. आमच्याकडे सलून सोमवारी बंद असते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या दोघांपुढेही माणसे मान खाली घालून बसतात, आम्ही दोघेही त्यांचे सगळे ऐकून घेतो, आणि ती सारी रविवारी गर्दी करून सोमवारी आम्हाला विसरतात. "बसा," ते म्हणाले. मी बसलो. तेव्हापासून माझे केस कधीच वेळेवर कापले जात नाहीत, कारण जो दिवस मला मोकळा असतो तो दुकान बंद असण्याचा, आणि जेव्हा दुकान उघडे असते तेव्हा मी शिरा खात असतो. पण मित्र मात्र मिळाला.

ते मला 'फादर' म्हणतात. फादर म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, ते ब्रह्मचारी असतात, आम्ही प्रोटेस्टंट पाळक संसारी, हे मी त्यांना सविस्तर समजावले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि बाजाराच्या दिवशी भरचौकात एका गिऱ्हाइकाला आमची ओळख करून दिली, "हे आमचे फादर, आणि या फादरच्या मिसेस." त्या गृहस्थांनी आम्हा उभयतांकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा उल्लेख पाळकीणबाई अजून सणावारी करतात.

त्यांच्याशी बोलताना मला उपदेश करावासा वाटत नाही, आणि चुकून केलाच तर तो त्यांच्या हाती सापडून सुधारतो. बायबलमधील अबशालोमाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. दावीद राजाचा हा देखणा मुलगा वर्षातून एकदा केस कापून घेई आणि राजाच्या मापाने त्यांचे वजन दोनशे शेकेल, म्हणजे दोन किलोंच्या वर भरे. सलूनवाल्यांनी पेपर खाली ठेवला. "वर्षाला एकदाच? आणि तोही राजाचा मुलगा? म्हणजे पैसे मिळाले नसणार." मग मी पुढचे सांगितले, की बापाविरुद्ध बंड करून पळताना त्याचे डोके झाडाच्या फांद्यांत अडकले, खालचे खेचर निघून गेले, तो अधांतरी लटकत राहिला आणि तिथेच मारला गेला. ते बराच वेळ विचार करीत राहिले. "फादर, दर महिन्याला कापत गेला असता तर वाचला असता." या उताऱ्यावरील मी वाचलेल्या कोणत्याही भाष्यात इतके व्यवहार्य तात्पर्य नाही.

आमच्या मंडळीतील निम्मे पुरुष शनिवारी संध्याकाळी त्यांच्या खुर्चीत बसतात आणि खुर्चीत बसलेला माणूस सर्वांविषयी खरे बोलतो. म्हणजे माझ्या उपदेशांविषयी गावात जे काही मत आहे, ते या एका माणसाला शब्दशः ठाऊक असणार. मी आडवळणाने एकदा विचारून पाहिले. "दुकानातले बोलणे मी रात्री केसांबरोबर झाडून टाकतो," असे म्हणून त्यांनी पेपरचे पान उलटले. कमिटीच्या सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम या गृहस्थांना देता आले असते तर किती बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

गेल्या महिन्यात एका सोमवारी खजिनदार तिथे आले. त्यांना कोणाच्या तरी साखरपुड्याला जायचे होते आणि दाढी करायची होती. शटर बंद पाहून त्यांनी वाराचा हिशेब केला, कपाळावर हात मारला, मला "सलाम" घातला आणि बसची वेळ व्हायची होती म्हणून तेही पायरीवर टेकले. पायरी तशी अरुंद आहे. सलूनवाले मध्ये, मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. थोडा वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग सवयीने असेल, पण सलूनवाल्यांच्या शेजारी बसल्याबरोबर खजिनदारांची मान खाली गेली, डोळे अर्धवट मिटले आणि ते बोलू लागले.

"आमच्याकडे हल्ली उपदेश फार लांबतो हो. साडेनऊला उपासना सुरू होते, बारा वाजले तरी सुटत नाही. बायका घरी मटण शिजत टाकून आलेल्या असतात. मागच्या रविवारी आमच्या घरचे करपले. माणूस चांगला आहे, नाही असे नाही, पण थांबायचे कुठे हे त्याला कळत नाही."

"खरे आहे," मी म्हणालो.

"शिवाय शेवटी 'आता एकच मुद्दा' म्हणतो आणि पुढे तीन मुद्दे सांगतो."

"तेही खरे आहे."

सलूनवाल्यांनी पेपरची घडी घातली, माझ्याकडे पाहिले, मग खजिनदारांकडे पाहिले आणि म्हणाले, "अहो, मग त्यांनाच सांगा की. ते काय, इथेच बसले आहेत."

खजिनदारांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे दयेने पाहिले.

"त्यांना कसे सांगणार?" ते म्हणाले. "ते पाळक आहेत."