दवाखान्याच्या टाकीत किती तास आहेत?

तेल कमी पडलं की बातम्या येतात पंपावरच्या रांगांच्या. त्या येऊ द्या. आधी आपल्या भागातल्या दवाखान्याला विचारा, जनरेटरच्या टाकीत किती डिझेल आहे? लिटर नको, तास सांगा म्हणावं.

आपली वीज मुख्यतः कोळशावर बनते, त्यामुळे तेलटंचाईने लगेच अंधार होणार नाही. पण पावसाळ्यात फीडर, म्हणजे भागाला वीज आणणारी लाइन, जायची ती जाणारच, आणि त्या दिवशी डिझेल आणायला कोणी नसेल. टाकी बऱ्याच ठिकाणी 990 लिटरची, हजाराच्या आत बसवलेली. त्यावर गेलं की परवान्याची भानगड. लोड 200 किलोवॉट धरला तर तासाला 50-55 लिटर जातात, म्हणजे जेमतेम 18 तास. एसीचे चिलर, लाँड्री, ओपीडीचे मजले बंद करून लोड 80 वर आणला तर दीड दिवस निघतो. मात्र आयसीयू, ऑपरेशन थिएटर आणि रक्तपेढीचं वीज-पॅनल आधीपासून वेगळं हवं. नाहीतर ऐनवेळी इलेक्ट्रिशियन अंदाजाने एमसीबीचे खटके पाडत बसतो.

एकच मोठा जनरेटर सेट घेण्याचा सोस मला पटत नाही. कमी लोडवर तो युनिटमागे जास्त तेल पितो आणि अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं. दोन लहान सेट बरे.

साठा करा म्हटलं की ड्रम भरून विसरले जातात. पडून राहिलेल्या डिझेलच्या तळाला पाणी धरतं, त्यात जंतू वाढून गाळ होतो आणि गरजेच्या रात्रीच फिल्टर चोंदतो. दर महिन्याला तळाच्या कॉकमधून पाणी काढा, जुनं तेल आधी वापरा, सेट अर्धा तास खऱ्या लोडवर चालवा. बॅटरीही तपासा, सेट सुरू झाला नाही तर बहुतेकदा दोष तिचाच असतो.

"आमच्याकडे पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) आहे" म्हणणाऱ्यांनी त्याचा कॉम्प्रेसर कशावर चालतो तेही पाहावं. द्रव ऑक्सिजनही शेवटी टँकरनेच दारात येतो. लसींचं त्या मानाने सोपं आहे. आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेल्या लसींच्या फ्रीजला दिवसाकाठी 8 तास वीज मिळाली तरी तो तापमान धरतो, म्हणून त्याला पाळी लावून वीज द्या.

आणि नर्सेस? दवाखाना बायपासला, तिथे रात्री बस नाही, सगळी रात्रपाळी दुचाकीवर. मुंबईत निदान विजेवरची लोकल आहे. बाकी शहरांत पेट्रोल आटलं तर खाटा, औषधं, डिझेल सगळं असूनही वॉर्ड चालणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या इंधन-प्राधान्य यादीत रुग्णवाहिकेच्या खालोखाल कर्मचाऱ्यांची बस हवी, आणि ती यादी आजच तयार हवी.