चावी म्हणे वॉचमनकडे असते

आज दुपारी एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभं असताना जे दिसलं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. हॉल दुसऱ्या मजल्यावर, माणूस चारेकशे. मागच्या भिंतीत दोन झडपांचं दार, वर ‘एक्झिट’ची हिरवी पाटी लखलखतेय. दोन्ही झडपांना चक्क पॅनिक बार. आणि त्या दोन बारांतून साखळी ओवून खाली हे एवढं कुलूप! मॅनेजर म्हणाला, ‘‘चावी वॉचमनकडे असते साहेब.’’ वॉचमन खाली गाड्या लावत होता.

पॅनिक बार म्हणजे दाराच्या निम्म्या रुंदीहून लांब असा कमरेच्या उंचीचा आडवा दांडा. अंधारात, धुरात माणूस नुसता त्यावर आदळला तरी लॅच सुटतं आणि दार बाहेर उघडतं. मागून रेटा आला तरी अडत नाही, किंबहुना रेट्यासाठीच तो आहे. त्याला साखळी लावणं म्हणजे हेल्मेट हँडलला अडकवून गाडी हाणणं. १९४२ साली बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबात हेच झालं होतं. तळघरातून वर येणाऱ्या जिन्याच्या दाराला पॅनिक बार होता, पण दार वेगळा बोल्ट मारून बंद केलेलं. त्या रात्रीच्या आगीत ४९२ माणसं गेली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत, १३ जून १९९७ ला, बाल्कनीतला उजवीकडचा रस्ता जादा आसनं बसवून बंद केलेला होता. तिथे ५९ गेली, आणि ती धुरानं गुदमरून.

नियम काही अवघड नाही. राष्ट्रीय इमारत संहितेचा भाग ४ सांगतो की दार बाहेर पडण्याच्या दिशेनं उघडलं पाहिजे आणि आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रुंदी किमान १००० मिमी, सभागृहासारख्या गर्दीच्या जागेला २०००. आता एका झडपेला वर-खाली टॉवर बोल्ट मारून ठेवले की २००० चे १००० होतात, हे कुठल्याच नकाशात दिसत नाही. दार आत उघडणारं असेल तर आणखी वाईट. पुढचा माणूस दाराला चिकटतो, मागचे ढकलतात, आणि ओढायला जागाच उरत नाही.

चोऱ्या होतात, मान्य. लग्नात दागिने असतात, फुकटे जेवायला घुसतात, तेही मान्य. मग बाहेरच्या बाजूला किल्लीचं हँडल लावा ना! बाहेरून बंद, आतून कायम मोकळं. दार उघडताच कोकलणारा अलार्म लावा. साखळीपेक्षा महाग पडेल, पण एका लग्नाच्या फुलांहून स्वस्त.

ऑफिसवाल्यांनी हसू नये. तुमच्या काचेच्या दाराचं मॅग्नेटिक लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकानं दार धरून ठेवणारं कुलूप, ६०० पौंडांच्या जोरानं धरतं, म्हणजे २७० किलोच्या आसपास. खांदा मारून सुटत नाही. वीज गेली की ते आपोआप सुटायला हवं, पण ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे कार्ड दाखवून दार उघडणारी यंत्रणा, यूपीएसवर टाकलेलं असतं, त्यामुळे सुटत नाही. आगीचा अलार्म चालवणाऱ्या फायर पॅनेलच्या रिलेनं (आपोआप चालणाऱ्या स्विचनं) लॉकचा वीजपुरवठा थेट तोडायला हवा, ती वायर कित्येकदा ओढलेलीच नसते. दाराशेजारची, काच फोडून दार सोडवायची हिरवी पेटीसुद्धा थेट लॉकची लाइन तोडणारी हवी. ती नुसती ॲक्सेस कंट्रोलच्या कंट्रोलरला निरोप देत असेल आणि कंट्रोलरच हँग झाला असेल, तर बसा काच फोडत.

पाट्यांचंही तसंच. बॅटरीवर दीड तास जळायला हवी ती पाटी बरेचदा मिनिटभरात मरते, कारण ‘टेस्ट’चं बटण कुणी दाबलेलंच नसतं. अंधारात चमकणारी पाटी दिवसभर दिवा बंद असलेल्या पॅसेजमध्ये लावली तर ती चार्जच होत नाही. झडपेवर चिकटवलेली पाटी दार उघडलं की भिंतीकडे तोंड करते. आणि धूर आधी छताशी साचतो, म्हणून वरच्या पाटीसोबत गुडघ्याच्या उंचीवरही खुणा हव्यात.

वॉचमनवर राग नाही माझा. त्याला बिचाऱ्याला गाड्या लाव म्हणून सांगितलं, त्यानं लावल्या. मॅनेजरही वाईट माणूस नव्हता, दोनदा पाणी विचारलं. पण चावी वॉचमनकडे असते हे वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं, जणू हीच व्यवस्था! आपल्याकडे महाराष्ट्रात २००६ चा अग्निसुरक्षेचा कायदा आहे, दर जानेवारी-जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. तपासणीच्या दिवशी साखळी काढली की कागद स्वच्छ.

तुळशीचं लग्न झालं की हॉल शोधायला निघाल तेव्हा फॉर्म बी मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. मागच्या दारापर्यंत चालत जा, बार ढकला, आणि जिना तळापर्यंत उतरा. जिन्यात केटररचे सिलिंडर, डेकोरेशनचा थर्माकोल आणि मोडक्या खुर्च्या सापडतील. तळाला बहुधा एक शटर असतं. ते उघडं निघालं तरच ॲडव्हान्स द्या.