जुना तांदूळ, नवा कुकर

‘‘नवा कुकर आणला म्हणून कुणी जुना तांदूळ फेकून देतं का?’’

नव्या कॉम्प्युटरवर हिशेबाचा जुना प्रोग्रॅम उघडत नाही म्हटल्यावर सोसायटीचे खजिनदार काका हा प्रश्न विचारतात. सोसायटी कोथरूडची असो की सहकारनगरची, काका हेच असतात आणि प्रश्नही हाच. वर प्रश्न बिनतोड. जुना तांदूळ नव्या कुकरमध्ये झकास शिजतो, उलट जास्त मोकळा होतो. अडचण इतकीच की काकांनी कुकरमध्ये नुसता तांदूळ घातलेला नसतो, तांदळासकट चूल ठेवलेली असते. आणि झाकण का लागत नाही, हे बघायला मला बोलावलेलं असतं.

तांदूळ म्हणजे फायली, चूल म्हणजे प्रोग्रॅम. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं. काकांच्या डोक्यात तो बसेपर्यंत दोन चहा होतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरी विंडोज ११ आलं. त्याबरोबर घरोघरी तीच चौकट आली : हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही. काका ती वैयक्तिक अपमान म्हणून घेतात. कारण मात्र रुक्ष आहे. डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, हुकूम टाइप करायच्या जमान्यातले) आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्रॅम १६ बिटचे, म्हणजे यंत्राने एका घासात १६ बिट खावेत अशा बेताचे. ३२ बिटच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा दुभाषा असायचा. ३२ बिटच्या विंडोज १० मध्येसुद्धा तो मागून घेता यायचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो कधीच नव्हता, आणि विंडोज ११ येतं तेच फक्त ६४ बिटमध्ये. म्हणजे दुभाषा रजेवर गेलेला नाही. ही जागाच कधी मंजूर झालेली नाही.

इथे शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा पुढे सरसावतो. ‘‘काका, राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे एक्सपी निवडा.’’ सल्ला चांगला आहे, पण दुसऱ्याच रोगावरचा. कंपॅटिबिलिटी म्हणजे मुख्यतः प्रोग्रॅमला ‘हा एक्सपीच आहे बरं का’ असं खोटं सांगणं. जो ३२ बिटचा प्रोग्रॅम दारावरची पाटी वाचूनच परत फिरत होता, त्याला एवढी थाप पुरते. १६ बिटवाल्याला पाटी वाचताच येत नाही.

त्या मुलाचा खरा उपयोग वेगळा असतो. टर्बो सी हे प्रोग्रॅमिंग शिकायचं जुनं डॉसचं साधन चालवायला त्याच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स आधीपासूनच असतो. डॉसबॉक्स म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग. प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर सी ड्राइव्हवर ‘हिशेब’ नावाने ठेवायचं, डॉसबॉक्स उघडायचा आणि दोन-तीन ओळी टाइप करायच्या. समोर बसून अर्धा मिनिट. फोनवर मात्र :

‘‘माउंट लिहा. स्पेस. सी. स्पेस. सी. कोलन. बॅकस्लॅश...’’

‘‘अहो, सी दोनदा?’’

‘‘दोनदा. पहिला खोटा, दुसरा खरा.’’

‘‘बॅकस्लॅश म्हणजे?’’

‘‘तिरकी रेघ, काका.’’

‘‘तिरक्या दोन आहेत.’’

‘‘एंटरच्या वरची.’’

‘‘ती शिफ्ट दाबून की न दाबता?’’

शेवटी ‘हिशेब’ लिहून एंटर, मग नुसतं सी-कोलन आणि एंटर, मग प्रोग्रॅमचं नाव. चाललं की याच ओळी डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये अगदी तळाशी, ऑटोएक्झेकच्या विभागात लिहून टाकाव्यात. म्हणजे पुन्हा फोन येत नाही. (येतो. ‘‘माउस अडकला’’ म्हणून येतो. कंट्रोल-एफ१० दाबलं की सुटतो.) फाइलचं नाव आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं, यापलीकडे नको. ‘ताळेबंद अंतिम खरंच अंतिम’ हे नाव डॉसला दिसतं ते पहिली सहा अक्षरं, एक नागमोडी आणि १. आणि अशा दोन ‘अंतिम’ फायली असतील तर दुसरीला २.

डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनलेला आहे, हे विसरू नये. त्यातून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळातला राजकुमार भिंतीवरून उडी मारेल, पण पावती छापून मिळणार नाही. हिशेबाच्या कामाला डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस घ्यावा. त्यांना छपाई कळते. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला यूएसबीची वायर लावून भागत नाही, कारण विंडोजला तिथे यूएसबी००१ असं नाव दिसतं आणि डॉस प्रोग्रॅमला जगात एलपीटी-१ हे प्रिंटरचं जुनं दार सोडून दुसरं दार माहीत नाही.

आता एक गंमत. काही जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर ‘शून्याने भागाकार’ असं ओरडून कोसळतात. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले ‘रनटाइम एरर २००’ म्हणतात, नोंदी सांभाळणारा डॉसचा फॉक्सप्रोही यातलाच. शून्याने कुणी भागलेलं नसतं. पास्कलचा प्रोग्रॅम सुरू होताना यंत्राचा वेग मोजतो : घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. लिहिणाऱ्याला वाटलं, उत्तर ६५,५३५ च्या वर कशाला जाईल? यंत्रं वेगवान झाली, उत्तर त्या डब्यात मावेना, आणि प्रोसेसरकडे ‘मावत नाही’ आणि ‘शून्याने भागलं’ यांसाठी तक्रार एकच. सोळाचा पाढा येणाऱ्या आजोबांपुढे नातवाने कॅल्क्युलेटर चालवावा आणि आजोबांनी ‘इतक्या लवकर आलं म्हणजे चुकलंच’ म्हणावं, तसा प्रकार. उपाय म्हणजे वेग कमी करणं : डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ ने मंद, कंट्रोल-एफ१२ ने जलद. हा वेग मोजतात सायकल्समध्ये. एकेकाळच्या सायकलींच्या शहराला हे एकक परकं वाटू नये.

एक्सपीच्या काळातले ३२ बिटचे प्रोग्रॅम त्यामानाने सोशिक. व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली दुकानं, क्लास आणि दवाखाने यांची शेकडो सॉफ्टवेअर पुण्यात अजून चालू असतील, असा माझा अंदाज आहे. व्हिज्युअल बेसिक ६ चा मूळ पाया विंडोज ११ मध्येही आहे. हरवलेले असतात ते ओसीएक्स नावाचे सुटे भाग. जुन्या यंत्रावरून ती फाइल आणायची, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडायची आणि रेगएसव्हीआर३२ या हुकमाने नोंदवायची. आता ती ठेवायची कुठे? ३२ बिटची आहे म्हणजे सिस्टम३२ मध्ये, असं कुणालाही वाटेल. तिथे ६४ बिटवाले राहतात. ३२ बिटवाल्यांचा पत्ता सिसवॉव६४. नव्या पेठेत जुनी घरं असू शकतात हे ज्याला पटतं, त्याला हेही पटायला हरकत नाही.

पण सोसायट्यांमध्ये खरी भांडणं लागतात ती प्रोग्रॅम बंद पडल्यामुळे नाही, चालू राहिल्यामुळे. काकांच्या लॉगिनमध्ये मार्चपर्यंतच्या सगळ्या पावत्या दिसतात. त्याच यंत्रावर सेक्रेटरी आपल्या लॉगिनने बसतात, तर ऑक्टोबरनंतर एकही नोंद नाही. ‘‘मी भरल्यात.’’ ‘‘मग गेल्या कुठे?’’ वार्षिक सभेत आवाज चढतात, लिफ्टच्या खर्चाचा विषय निघतो, कुणीतरी पार्किंगवर येतं. दोघंही खरं बोलत असतात. जुन्या प्रोग्रॅमना स्वतःच्या फोल्डरमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत, नोंदी लिहायची सवय. विस्टा या आवृत्तीपासून विंडोज तिथे साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही. मात्र ‘नाही’ असं तोंडावर न म्हणता ‘हो हो, ठेवलं’ म्हणतं आणि ती फाइल गुपचूप त्या माणसाच्या खासगी कपाटात सारतं. युझर्समध्ये त्याच्या नावाचं फोल्डर, त्यात लपवलेलं ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. प्रत्येकाचं कपाट वेगळं, म्हणून प्रत्येकाचा ताळेबंद वेगळा. आधी त्या कपाटातून सगळ्या फायली बाहेर काढून सुरक्षित ठेवाव्यात. मग प्रोग्रॅम थेट सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवावा. घाईने उलट्या क्रमाने कराल तर पुढच्या सभेला तुमचंही नाव निघेल.

काहीच जमलं नाही, किंवा कुलूप म्हणून यूएसबी डोंगल असेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अख्खं एक्सपी बसवावं. त्याची स्वतःची परवान्याची किल्ली लागते. ५१२ एमबी मेमरी, १० जीबी डिस्क, एक प्रोसेसर बस. डिस्कचा कंट्रोलर आयडीई निवडा. साटा ठेवलात तर एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नसल्याने निळा पडदा येऊन शेवटी ७बी दिसेल. इंटरनेट तोडून टाका, कारण एक्सपीची सुरक्षा-डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली. आणि सगळं करूनही ते रांगत असेल, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा. हिरवं कासव दिसलं तर विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही, म्हणजे तसंच पोटातलं यंत्र चालवणारा भाग, मध्ये बसलाय. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनी वेगाची कबुली चित्रातून दिली आहे, असा प्रामाणिकपणा सॉफ्टवेअरमध्ये फार आढळत नाही.

इथवर सगळी चुलीची कथा. तांदूळही नासलेला निघतो तो मराठी मजकुराच्या बाबतीत, आणि त्याची जबाबदारी आपल्याच गावाकडे येते. मराठी फॉन्ट बनवणारी सरकारी संगणक संस्था सी-डॅक १९८८ मध्ये इथेच स्थापन झाली, श्रीलिपी हे फॉन्टांचं सॉफ्टवेअरही इथलंच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांनी लग्नपत्रिकांपासून गाइडांपर्यंत सगळं या फॉन्टांत घडवलं. युक्ती अशी होती की फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरांची खूण आणि फॉन्टने तिच्या जागी काढायचा ‘क’ किंवा नुसता काना. फॉन्ट गेला की उरतो डॉलर, पौंड आणि टक्क्यांचा परकीय चलनबाजार.

म्हणून युनिकोडचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या समाईक संकेतांचा, परिवर्तक लागतो, आणि तो त्याच फॉन्टचा लागतो. प्रत्येकाची सांकेतिक भाषा निराळी. नुसतं शोधा-बदला करून भागत नाही. जुन्या फॉन्टात ‘किती’ची पहिली वेलांटी दिसते तशी ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर. ‘सूर्य’चा रफार याच्या उलट : तिकडे शेवटी, इकडे ‘य’च्या आधी. परिवर्तकाने अदलाबदल नीट केली तरी ‘नवऱ्या मुलाकडील’ यातला ‘ऱ्य’ तपासाच. तो ‘र्य’ होऊन बसतो आणि मुलाकडच्यांच्या आधी शुद्धलेखनवाले फोन करतात. पीडीएफ करून ठेवली म्हणजे सुटलो, असंही नाही. दिसायला सुंदर दिसते, पण मजकूर कॉपी केला की पुन्हा तोच चलनबाजार. पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती ७, साल २००१. तिच्या फायली त्याच कामाच्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये सीएस६ पर्यंत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. टाइप-१ या जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतील तर ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून तेही बंद केले. जुनं यंत्र भंगारात देण्याआधी मजकूर बाहेर काढा. नंतर जुन्या बाजारात ते यंत्र शोधत फिरणारे बरेच असतात.

काकांचं म्हणाल, तर मी आता चुलीच्या नादी लागत नाही. त्यांचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोचा, आणि त्याच्या डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या, फायली लिबरऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये सरळ उघडतात. फक्त शेजारची त्याच नावाची एफपीटी फाइल विसरायची नाही. शेरे तिच्यात असतात, आणि काकांचा सगळा जीव शेऱ्यांत. स्तंभांची नावं दहा अक्षरांत कोंबलेली असतात, त्यामुळे कुठलं खातं देखभालीचं आणि कुठलं पाण्याच्या टँकरचं हे काकांनाच विचारावं लागतं. त्यांना ते तोंडपाठ असतं. तासाभरात वीस वर्षांचे हिशेब स्वच्छ चौकटींत पडद्यावर येतात, बेरजा जुळतात, पैशापैशाने जुळतात.

काका चष्मा सारखा करून वरपासून खालपर्यंत बघतात. मग कीबोर्डवर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘‘छान आहे हो. पण एफ१० दाबल्यावर सेव्ह होत नाही.’’