शहरातील फेऱ्या आणि डिझेलची काजळी
मायलेज अधिक म्हणून डिझेल गाडी घ्यावी, हा गाडी खरेदीवरील एका लेखातील सल्ला रोज लांबचा प्रवास करणाऱ्यांपुरता मान्य आहे. मात्र आधुनिक डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत, काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साठलेली काजळी जाळण्यासाठी तो साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो, जे शाळा, बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत क्वचितच साधते. ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर फिल्टर तापवण्यासाठी इंजिनात जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ होऊ शकते. लेखातील खर्चाच्या हिशेबात याचा उल्लेखही नाही. डिझेल इंजिनाची गाडी ओढण्याची ताकद मलाही आवडते, हे कबूल. तरीही केवळ शहरात फिरणाऱ्या कुटुंबाच्या गाडीसाठी मी पेट्रोल, शक्य झाल्यास हायब्रिड (इंजिनासोबत विजेची मोटर असलेली), निवडेन.