आसनाची शिलाई

परवा रात्री पाऊस थांबल्यावर सोलापुरातल्या सात रस्त्याच्या अलीकडच्या आमच्या चहाच्या टपरीवर गेलो तर मल्ल्या कडेला उभा राहून पँट पिळत होता, म्हणजे अंगावरचीच, आणि बाजूला गाडीवर त्याचा नवाकोरा रेनकोट वाळत टाकलेला. मल्ल्या चिंचोळी एमआयडीसीत आहे, पहिली शिफ्ट असली की पहाटे सहाला बाहेर पडतो आणि दुसरी असली की रात्री असा ओला होऊन येतो.

"अकराशे दिले बे याला, अकराशे! दुकानदार म्हणला शंभर टक्के वॉटरप्रूफ. वरनं ठणठणीत कोरडा आणि खाली सगळा तलाव. कंपनीत उतरलो तर पोरं बघून हसायला लागली, आता त्यांना काय सांगू पावसाचं पाणी आहे म्हणून?"

इस्माईल लगेच सुरू. तो साडेचारशेचा प्लास्टिकवाला घालतो, जाडजूड, निळा, चालताना खरखर वाजणारा. म्हणला मी तुला तवाच सांगितलं होतं, असल्या फॅन्सीच्या नादाला लागू नको म्हणून. मल्ल्या म्हणला तुझ्या त्या ताडपत्रीत माणूस आतनंच घामानं भिजतो, पावसाची गरजच काय. दोघंही खरं बोलत होते, तीच पंचाईत.

तेवढ्यात श्रीनिवासनं रेनकोटची पँट उचलली आणि उलटी केली. श्रीनिवास युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, सोलापुरात आता चादरीइतकंच युनिफॉर्मचंही नाव झालंय, त्यामुळं शिलाईवर त्याच्यापुढं कोण बोलत नाही. मोबाईलचा उजेड पाडून म्हणला, "हे बघ, कापड चांगलंय बे, आतनं कोटिंगपण आहे. पण शिलाईवर टेप कुठाय? मशीनची सुई इंचाला आठ-दहा भोकं पाडती. ती भोकं आतनं पट्टी गरम करून चिकटवून बुजवायची असतात. यानं खांद्याला लावली, पुढच्या चेनला लावली, आणि आसनाला, म्हणजे दोन पायांच्या मधल्या जोडाला, लावलीच नाही. आणि गाडीवर बसल्यावर पाणी साचतं कुठं? मांडीतच की. वर तुझं वजन, खाली सीट, दाबून दाबून आत घालतंय."

आसनात चार शिलाया एका ठिकाणी भेटतात, तिथं टेप नीट बसवणं सगळ्यात अवघड, म्हणून स्वस्तात करणारे नेमकं तिथंच हात आखडतात, हे त्याचं म्हणणं. लेबलवर ५००० मिमी असं लिहिलेलं असतं ना, म्हणजे कापडावर ५ मीटर उंच पाणी उभं केलं तरी गळत नाही असा अर्थ, पण ते कापडाचं झालं, शिलाईचं नाही. हे मला माहीत नव्हतं, मी आपला आकडा बघून घेणारा माणूस.

सर मधे पडले. सर रोज तुळजापूरला शिकवायला जातात, जाऊन येऊन नव्वद किलोमीटर, त्यांचं दुखणं थंडीचं. "पावसाचं काय, सप्टेंबर-ऑक्टोबर झाला की संपलं, पण जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला पहाटे बोटं वाकत नाहीत." आणि सरांनी फोनवर एक जाळीचं रायडिंग जॅकेट दाखवलं, साडेपाच हजार, आत गरम अस्तर, आत रेन लायनर म्हणजे पाणी अडवणारा थर, कोपराला आणि खांद्याला पॅड.

पॅड चांगले, त्याला कोणी नाही म्हणलं नाही. पण लायनर आत असला की वरची जाळी सगळी भिजती, जड होती, आणि वाऱ्यानं वाळता वाळता अंग गार करती, ते श्रीनिवासला पटेना. मी म्हणलं सर, हवा १२ डिग्री असली आणि तुम्ही ६० नं चाललाय तर अंगाला ८ सारखी लागती, म्हणजे खरा दुश्मन वारा आहे. तो अडवायला रेनकोटच वर घाला की, आत जुना लोकरीचा स्वेटर नाहीतर फ्लीस. फक्त सुती बनियन नको, घाम धरून बसतं. अण्णा टपरीतनं म्हणले, "आमी छातीवर पेपर घालायचो. दूधवाले अजून घालतात." सर हसले, पण पेपरनं वारा खरंच अडतो. दूधवाल्यांच्या हँडलला ते रेक्झिनचे डबे असतात बघा, हात आत घालायचे, सरांच्या बोटांना साडेपाच हजारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त. "शिक्षकानं ते लावून शाळेत जायचं?" म्हणले. मग राहा गारठून.

इस्माईलला मात्र निकाल पाहिजे होता. म्हणला दोन्ही पँटी आणा, पाणी ओता. मग काय, मी आणि मल्ल्यानं अकराशेची पँट उलटी करून झोळीसारखी धरली आणि अण्णांनी आसनात तांब्याभर पाणी ओतलं. मिनिटभरात थेंब, मग धार, अण्णांच्या चपलेवर. मग साडेचारशेची. थांबलो, चहा अर्धा झाला, एक थेंब नाही. इस्माईल असा उभा जसं कुस्ती मारली.

श्रीनिवासनं तेही उलगडलं. प्लास्टिकला शिलाईच नसते, कडा उष्णतेनं वितळवून जोडतात, मग भोकं येणार कुठनं. पण घडीवर तडकतं, थंडीत कडक होतं, आणि सायलेन्सरला एकदा टेकलं की संपलं. इस्माईलनं पायाकडची काळी जळलेली जागा हळूच मागं घेतली, आमी बघितली.

आता मल्ल्याच्या अकराशेचं करायचं काय. अण्णा म्हणले पंक्चरचं सोल्युशन लाव. सगळे हसले, सर हसले नाहीत. १८२३ साली रेनकोटवाल्या चार्ल्स मॅकिंटॉशनं असलंच केलेलं, नाफ्थ्यात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मधे, आणि त्याच्याही कोटांना शिंप्यांच्या सुईच्या भोकातनंच पाणी यायचं म्हणले. म्हणजे दोनशे वर्षं झाली, गळतंय तिथंच. श्रीनिवासचं मत, सोल्युशन दोन पावसात निघून येईल, टेंटच्या शिलाईला लावायचं सीलर मिळतं ते आतनं लाव आणि दिवसभर वाळू दे.

मल्ल्यानं ऐकलं सगळं. मग इस्माईलला विचारलं, "तुझ्यावाल्यात डबल एक्सेल मिळतंय काय बे?"