‘हार्मोनची गोळीच कॅन्सर देते’ म्हणे!

परवा मावशीकडे गेले तर औषधांच्या डब्यात टॅमॉक्सिफेनची (ब्रेस्ट कॅन्सर परत येऊ नये म्हणून हार्मोन अडवणारी गोळी) स्ट्रिप जशीच्या तशी. विचारलं तर म्हणाली बंद केली. अठरा दिवस झाले! का, तर आमच्या घरच्या ग्रुपवर मामानं एक मेसेज टाकला होता, "कॅन्सर पेशंटनी नक्की वाचा, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत", खाली हात जोडलेले आणि गुलाबाची फुलं. मावशी ४७ ची आहे. दोन वर्षांपूर्वी ब्रेस्टचं ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन, सगळं सोसून झालं, आता रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी एवढंच उरलं होतं आणि नेमकं तेवढंच त्या मेसेजनं काढून घेतलं.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, पण रिसेप्टरचा (हार्मोन ज्याच्यावर जाऊन बसतं ते पेशीतलं प्रोटीन) धडा दर वर्षी शिकवते त्यामुळे तो मेसेज वाचून डोकंच सटकलं.

तर मेसेजमध्ये काय म्हटलंय: एक, हार्मोनच्या गोळ्या स्वतःच कॅन्सर करतात, डब्ल्यूएचओनं १९९६ मध्येच सांगितलंय. दोन, शरीरात आपोआप बनणारं हार्मोन कॅन्सर वाढवूच शकत नाही, निसर्ग चुकत नाही. तीन, सोयाबीन बंद करा कारण त्यात हार्मोन असतं, आणि रोज वाटीभर जवस खा. चार, कॅन्सर म्हणजे इम्युनिटी कमी, आणि या गोळ्या इम्युनिटी मारतात. पाच, म्हणून गोळी बंद, त्याऐवजी व्हिटॅमिन डी ची साठ हजारवाली पावडर रोज, सोबत व्हिटॅमिन ए.

दोन नंबर आणि तीन नंबर शेजारी ठेवून वाचा जरा. शरीरातलं खरं हार्मोन काही करत नाही, पण सोयाबीनच्या वडीतलं हार्मोनसारखं काहीतरी मात्र कॅन्सर करतं! आणि ज्या कारणासाठी सोयाबीन वाईट तेच कारण जवसाला पण लागू होतं, त्यातले लिग्नन नावाचे घटक पण इस्ट्रोजेनसारखेच (हे बायकांचं हार्मोन) वागणारे, पण जवस चालतं, वाटीभर चालतं. लिहिणाऱ्यानं स्वतःचाच मेसेज वाचला नसावा. सोयाचं म्हणाल तर शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या ५,०४२ बायकांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये अभ्यास छापलाय, जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत यायचं प्रमाण उलट कमी दिसलं. म्हणून कोणी सोया औषध म्हणून खावं असं नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही.

"नैसर्गिक हार्मोन कॅन्सर वाढवत नाही" हे तर १८९६ पासून खोटं आहे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन नावाच्या सर्जननं ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटची ओव्हरी, म्हणजे जिथे इस्ट्रोजेन बनतं तीच, काढली आणि गाठ कमी होत गेली. का, ते त्यालाही नीट कळलं नव्हतं. पुढे शिकागोमध्ये एलवुड जेन्सननं इस्ट्रोजेनला रेडिओॲक्टिव्ह हायड्रोजन जोडून ते शरीरात जातं कुठे ते शोधलं, तेव्हा इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला.

हा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर नसतो, आत केंद्रकात असतो, म्हणून त्याला न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात. माणसात असे ४८ आहेत. इस्ट्रोजेन तेलकट आणि छोटं, सरळ भिंतीतून आत शिरतं, रिसेप्टरवर बसतं, आणि तो रिसेप्टर डीएनएवर बसून पेशीला वाढायचा हुकूम देतो. मावशीला मी एसटीचं उदाहरण दिलं. रिसेप्टर म्हणजे सीट, इस्ट्रोजेन म्हणजे प्रवासी. प्रवासी बसला, कंडक्टरनं बघितलं, घंटी मारली, गाडी सुटली. टॅमॉक्सिफेन म्हणजे सीटवर टाकलेला रुमाल. जागा धरली गेली, प्रवाशाला बसता येत नाही, कंडक्टर रुमालाकडे बघून घंटी मारत नाही, गाडी उभी. (कंडक्टर म्हणजे पेशीतली मदतनीस प्रोटीनं, रिसेप्टरचा आकार बघून येऊन चिकटणारी. टॅमॉक्सिफेन बसलं की रिसेप्टरचा एक तुकडा वाकडा होतो आणि त्यांना चिकटायला जागाच राहत नाही.)

आता पहिला मुद्दा, कारण मावशी त्यालाच घाबरली होती. आणि इथे मला नाइलाजानं मान्य करायला लागतंय की तो पूर्ण खोटा नाही. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं १९९६ मध्ये टॅमॉक्सिफेनला खरंच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलंय. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी. कारण गर्भाशयात कंडक्टर वेगळे असतात, ते रुमालालाच प्रवासी समजून घंटी मारतात. पण त्याच निर्णयात असंही लिहिलंय की हीच गोळी दुसऱ्या बाजूच्या ब्रेस्टमध्ये कॅन्सर व्हायचा धोका कमी करते याचा पक्का पुरावा आहे. मेसेज बनवणाऱ्यानं अर्धं वाक्य उचललं आणि अर्धं गिळलं. चूक झाली म्हणून सोडून देता आलं असतं, पण हा लबाडपणा आहे.

मग धोका जास्त की फायदा? ऑक्सफर्डवाल्यांनी २० ट्रायल, २१,४५७ बायका, सगळ्यांचा डेटा एकत्र करून २०११ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापला. ज्यांच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर होता त्यांनी पाच वर्षं गोळी घेतली तर पहिल्या पाच वर्षांत कॅन्सर परत येणं जवळपास निम्म्यावर आलं, आणि ब्रेस्ट कॅन्सरनं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, गोळी बंद होऊन दहा वर्षं झाली तरी तो फायदा टिकला. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर नव्हता त्यांना जवळजवळ काहीच फायदा नाही. म्हणजे गोळी तीच, पण सीट असेल तरच रुमालाचा उपयोग. आणि गर्भाशयाच्या कॅन्सरमुळे किंवा रक्ताच्या गुठळ्यांमुळे जे थोडे जास्त मृत्यू दिसले ते ५५ च्या वरच्या बायकांत. मावशी ४७. तिच्या फाइलमधला पॅथॉलॉजी रिपोर्ट काढून दाखवला, इआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे, मोठ्या अक्षरात. दोन वर्षं फाइल कपाटात होती, कोणी तिला बसवून सांगितलंच नव्हतं की ही गोळी का आहे. डॉक्टरांच्या ओपीडीत गर्दी असते मान्य, पण मग ती रिकामी जागा मामाचा मेसेज भरतो.

गोळीचा त्रास आहे हे पण खरं. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामानं उठते, चिडचिड होते. मला वाटतं मेसेज हे निमित्त होतं, ती आधीच कंटाळली होती. पण त्रासावर डॉक्टरांशी बोलता येतं, आणि मध्येच ब्लीडिंग झालं तर लगेच दाखवायचं, हेही तिला सांगितलं.

इम्युनिटीचा मुद्दा. हा शब्द कोविडपासून इतका विटलाय की काय सांगू. रोगप्रतिकारक पेशींमध्ये पण हे न्यूक्लिअर रिसेप्टर असतातच, स्टेरॉइडनं इम्युनिटी दबते ती असल्याच एका रिसेप्टरमधून. पण म्हणून हार्मोन अडवणारी प्रत्येक गोळी इम्युनिटी मारते? २०२२ मध्ये नेचर या जर्नलमध्ये एक पेपर आला, प्रोस्टेट कॅन्सरवर, त्यात टेस्टोस्टेरॉनचा (पुरुषांचं हार्मोन) रिसेप्टर टी पेशींनाच, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनाच, थंड करतो असं दिसलं, आणि तो अडवल्यावर उंदरांमध्ये इम्युनोथेरपी (इम्युनिटीलाच कॅन्सरवर सोडणारी ट्रीटमेंट) जास्त चालली. पुरुषांचा कॅन्सर, वेगळा रिसेप्टर, मावशीला थेट लागू नाही. पण "हार्मोन अडवलं की इम्युनिटी मेली" हे गणित इतकं सरळ नाही एवढं तरी त्यातून कळतं.

पाचवा मुद्दा वाचून हसू आलं, कारण व्हिटॅमिन डी आणि ए पण ह्याच खानदानातल्या रिसेप्टरवर बसतात. म्हणजे रिसेप्टरवर काम करणारी गोळी वाईट, आणि रिसेप्टरवरच काम करणारं व्हिटॅमिन अमृत! अमेरिकेत २५,८७१ लोकांवर रोज २,००० युनिट डी देऊन बघितलं, कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ती साठ हजारची पावडर आपल्याकडे साधारण आठवड्याला एक देतात, रोज घेतली तर कॅल्शियम वाढून किडनी बसू शकते. व्हिटॅमिन ए च्या एका रूपानं एक प्रकारचा ब्लड कॅन्सर खरंच आटोक्यात येतो, शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं, पण त्या कॅन्सरमध्ये व्हिटॅमिन ए चा रिसेप्टरच तुटून भलत्याला जोडलेला असतो म्हणून. बाकीच्यांसाठी फिनलंड बघा, सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर ट्रायल झाली, शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. अमृत!

मामाला फोन केला. म्हणाला, "अगं मी कुठं म्हणलं गोळी बंद कर, मी फक्त फॉरवर्ड केलं, मला पण आलं होतं." कुणाकडून, तर आठवत नाही.

मावशीनं डॉक्टरांना फोन करून सोमवारपासून गोळी परत सुरू केलीय. जवसाची चटणी मात्र चालूच आहे, लसूण घालून झक्कास करते, चमचाभरच खाते, ती मी बंद करायला सांगितलेली नाही.